इथे झालं, तिथे का नाही?

१९९२ च्या डिसेंबरात सुरत पेटली, पण सगळी सुरत पेटली नाही. ६ डिसेंबरला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तापीकाठच्या या शहरात खून, जाळपोळ, लूट आणि बायकांवरचे अत्याचार सुरू झाले. थोड्याच दिवसांत दोनशेच्या आसपास माणसं मेली. त्यांतली बहुतेक मुसलमान होती. हे घडलं ते मुख्यतः शहराच्या कडेकडेने, यंत्रमागांच्या आणि कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या झोपडवस्त्यांत. चौक बाजार, गोपीपुरा, झांपा बाजार अशा जुन्या सुरतेत मात्र हिंदू आणि मुसलमान पिढ्यान् पिढ्या एकमेकांना लागून राहत आलेले असूनही जवळजवळ शांतता राहिली. शहर एकच, बातम्या त्याच, अफवाही त्याच. काही मैलांच्या अंतरावर दोन वेगळ्या गोष्टी घडल्या.

सामूहिक हत्येची कारणं शोधणाऱ्या अभ्यासकाला असा नकाशा मिळणं फार मोलाचं असतं. एखादी भीषण घटना घडली की आपण विचारतो, हे का झालं? मग उत्तरांची रास पडते: धर्म, गरिबी, नेते, इतिहास, वर्तमानपत्रं. यातलं प्रत्येक उत्तर खरं वाटतं, कारण ते पडताळून पाहायला समोर दुसरं काही नसतं. पण त्याच दिवशी, त्याच शहरात, तोच धर्म आणि तेच नेते असताना पलीकडच्या मोहल्ल्यात काही घडलं नाही, हे दिसलं की निम्मी उत्तरं गळून पडतात. जी कारणं दोन्हीकडे सारखीच हजर होती, त्यांनी हा फरक उलगडत नाही.

मराठी वाचकाला ही सुरत परकी नाही. धुळे, नंदुरबार, जळगावकडून ताप्ती व्हॅलीच्या गाडीने गेलेली लाखो माणसं लिंबायत, उधना, डिंडोलीत राहतात. तिथल्या गल्ल्यांत आजही अहिराणी ऐकू येते. १९६१ साली तीन लाखांहून कमी लोकसंख्या असलेलं हे शहर १९९१ साली सुमारे पंधरा लाखांवर गेलं. ती भर घालणाऱ्यांत खानदेशी होते, ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातले मागवाले होते, काठियावाडातून हिऱ्याच्या घंटीवर बसायला आलेली मुलं होती, उत्तर प्रदेश-बिहारचे मजूर होते. १९९२ साली जिथे आग लागली, त्या वस्त्या या माणसांच्याच होत्या. मारणाऱ्यांतही स्थलांतरित होते आणि मरणाऱ्यांतही.

वंशसंहार कशाला म्हणायचं

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सुरतेत १९९२ साली झाला तो वंशसंहार नव्हता. या शब्दाला कायद्याने ठरवून दिलेला अर्थ आहे आणि तो सैल करणं म्हणजे ज्यांच्या वाट्याला प्रत्यक्ष वंशसंहार आला, त्यांच्यावर अन्याय करणं आहे.

पोलंडमधला ज्यू कायदेपंडित राफाएल लेम्किन याने १९४४ साली ही संकल्पना नावासह मांडली. त्याचे बहुतेक नातेवाईक नाझींनी मारले होते. एका माणसाला मारणाऱ्याला शिक्षा आहे, आणि लाखोंना मारणाऱ्या सरकारला मात्र सार्वभौमत्वाचं कवच, हे त्याला विद्यार्थी असल्यापासून सलत होतं. १९४६ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा विषय चर्चेला यावा म्हणून तीन देशांनी प्रस्ताव दिला: क्युबा, पनामा आणि भारत. भारत तेव्हा अजून स्वतंत्रही झाला नव्हता. आपल्या शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या विजयालक्ष्मी पंडित, राजकोटला स्थायिक झालेल्या मराठी पंडित घराण्याच्या सूनबाई. ११ डिसेंबर १९४६ ला ठराव झाला, आणि ९ डिसेंबर १९४८ ला वंशसंहारविरोधी करार मंजूर झाला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूह, समूह म्हणून, पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूने केलेली कृत्यं म्हणजे वंशसंहार, अशी व्याख्या ठरली. त्या व्याख्येचा कणा हेतू हा आहे.

या यादीत राजकीय गट नाहीत. ते वगळावेत असा आग्रह धरणाऱ्यांत सोव्हिएत संघ पुढे होता, आणि त्याची कारणं त्या काळात आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात हिंडताफिरता दिसत होती. तिथल्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुलं. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत पोलिसांनी त्यांना घरांतून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं आणि वाटेत, छावण्यांत, त्यांची माणसं मेली होती. वळिवड्याच्या त्या बायकांना आपल्यावर काय गुदरलं हे ठाऊक होतं. कायद्याच्या व्याख्येत ते नीट बसत नव्हतं. म्हणून बार्बरा हार्फसारख्या अभ्यासकांनी पुढे राजकीय गटांच्या संहारालाही आपल्या मोजणीत घेतलं. आपण काय मोजायचं ठरवतो, यावर कारणं कोणती सापडतील हे बरंचसं ठरतं.

मग सुरतेची दंगल इथे कशासाठी? कारण वंशसंहार आकाशातून पडत नाही. त्याच्या आत दंगल असते, शेजाऱ्याने शेजाऱ्यावर उचललेला हात असतो, बघ्या पोलीस असतो. हे भाग वेगवेगळे करून तपासायचे असतील, तर जिथे ते सगळे एकत्र जमून आले नाहीत, तिथेच ते जास्त स्पष्ट दिसतात.

जुन्या वैराचं उत्तर

सगळ्यात लोकप्रिय उत्तर म्हणजे जुनं वैर. “ते पूर्वीपासून एकमेकांच्या जिवावर उठलेलेच आहेत.” आर्मेनियनांविषयी, बोस्नियाविषयी, रुआंडाविषयी आणि आपल्याविषयीही हेच वाक्य ऐकायला मिळतं. माझ्या मते या वाक्याने या विषयाचं जितकं नुकसान केलं तितकं दुसऱ्या कशानेच केलं नसेल, कारण ते ऐकलं की पुढचा शोधच थांबतो.

सुरतेत कतारगामला इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांच्या थडग्यांजवळ आर्मेनियन लोकांचीही दफनभूमी आहे. सुरत हे मोगलांचं बंदर असताना हे लोक रेशमाच्या, जवाहिराच्या व्यापारासाठी आले, इथे राहिले, इथेच मेले. त्यांच्याच समाजाची लाखो माणसं तेव्हा ऑटोमन साम्राज्यात, तुर्कांच्या आणि कुर्दांच्या शेजारी राहत होती. शेकडो वर्षं राहत होती. त्या शेजारात बरोबरी नव्हती; ख्रिस्ती प्रजेचा दर्जा दुय्यम होता. १८९४ ते १८९६ मध्ये आणि १९०९ साली अदानाला मोठ्या कत्तलीही झाल्या. तरी समूहच नाहीसा करण्याची मोहीम निघाली ती १९१५ सालीच. वैर जर शेकडो वर्षं तसंच होतं, तर १९१५ हेच साल का? जी गोष्ट बदललेलीच नाही, ती बदलाचं कारण होऊ शकत नाही.

१९१५ साली काय वेगळं होतं ते इतिहासकारांनी सरकारी तारा आणि खटल्यांची कागदपत्रं चाळून दाखवलं आहे. महायुद्ध सुरू होतं. जानेवारीत सारिकामिशला रशियाविरुद्ध ऑटोमन सैन्याचा धुव्वा उडाला होता. एप्रिलमध्ये दोस्तांचं आरमार आणि सैन्य गॅलिपोलीला भिडलं. बाल्कनमधला बहुतेक मुलूख दोनच वर्षांपूर्वी हातचा गेला होता आणि तिथून हाकलले गेलेले मुसलमान निर्वासित अनातोलियात येऊन पडले होते. सत्तेवरच्या लहान गटाने ठरवलं की आर्मेनियन प्रजा म्हणजे घरातला शत्रू. २४ एप्रिलला इस्तंबूलमधल्या आर्मेनियन लेखक-पुढाऱ्यांना अटक झाली, २७ मे रोजी हद्दपारीचा कायदा आला, आणि गृहमंत्री तलात पाशाच्या खात्यातून जिल्ह्याजिल्ह्याला तारा सुटू लागल्या. पूर्वग्रह जुना होता हे खरं. पण तारा नव्या होत्या.

हार्फ यांनी २००३ साली १९५५ नंतरच्या राजकीय उलथापालथींची तुलना प्रसिद्ध केली. अंतर्गत युद्ध किंवा राजवट कोसळणं यांतून जात असलेल्या देशांपैकी कुठे संहार झाला आणि कुठे टळला, हे त्यांनी ताडून पाहिलं. आधी झालेला संहार, विशिष्ट समूहाला देशाबाहेरचा मानणारी राज्यकर्त्यांची विचारसरणी, एकाच समूहाच्या हातातली सत्ता, हुकूमशाही, जगाशी तुटलेला व्यापार, ही धोक्याची लक्षणं ठरली. समाजात किती वेगवेगळे गट आहेत, याने तितकासा फरक पडत नव्हता. विविधता स्फोटक असते असं मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष पुन्हा वाचावा.

सुरत आणि भिवंडी

आता परत आपल्या भागात येऊ. आशुतोष वार्ष्णेय या राज्यशास्त्रज्ञाने स्टीव्हन विल्किन्सन यांच्याबरोबर १९५० ते १९९५ मधल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची वर्तमानपत्रांतून नोंद केली. त्या नोंदीतून आलेला आकडा डोळे उघडणारा आहे: दंगलींत मेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे केवळ आठ शहरांतले. त्यांत मुंबई, अहमदाबाद आणि बडोदा आहेत. आणि देशातली दोन तृतीयांश जनता राहत होती त्या खेड्यांत झालेले मृत्यू चार टक्क्यांहूनही कमी. म्हणजे ‘भारतातला हिंदू-मुस्लिम प्रश्न’ असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. विचारायला हवं होतं की मेरठला का आणि शेकडो इतर शहरांना का नाही.

मग वार्ष्णेय यांनी जोड्या लावल्या. लोकसंख्येत मुसलमानांचं प्रमाण साधारण सारखं, पण एक शहर वारंवार पेटणारं आणि दुसरं शांत: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. २००२ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यातला मुख्य निष्कर्ष असा की शहरात नुसता घरोबा पुरत नाही. ईदचा शीरखुर्मा, दिवाळीचा फराळ, मुलांनी एकत्र खेळणं, यांची किंमत आहेच आणि खेड्यात तेवढ्याने भागतंही. पण लाखोंच्या शहरात अफवा घरोब्यापेक्षा वेगाने पळते. तिथे दोन्ही समाजांची माणसं ज्यांत आहेत अशा संस्था लागतात: व्यापारी मंडळं, कामगार संघटना, पक्षांच्या शाखा, वकिलांच्या संघटना. ज्याचा धंदा दुसऱ्याच्या धंद्यावर उभा आहे, तो फोन उचलतो, दुकानासमोर उभा राहतो, पोलिसाला खरं काय ते सांगतो.

जुन्या सुरतेत हे होतं. कापड, जर, हिरे यांच्या व्यवहारात हिंदू व्यापारी आणि दाऊदी बोहरा व इतर मुसलमान व्यापारी एकमेकांत गुंतलेले होते. डिसेंबर १९९२ मध्ये तिथे मोहल्ल्यामोहल्ल्यांत दोन्ही बाजूंची माणसं गस्तीला उभी राहिली. कडेच्या वस्त्यांत यातलं काहीच नव्हतं. बारा-बारा तासांची पाळी, हजेरीपटावर नाव नाही, संघटना नाही, गल्लीत शेजारी कोण तर सहा महिन्यांपूर्वी आलेला अनोळखी माणूस. अहमदाबादचा उलटा प्रवासही याच दिशेने बोट दाखवतो: अनसूया साराभाई आणि गांधीजींनी उभं केलेलं मजूर महाजन आणि काँग्रेसची जुनी संघटना जसजशी खिळखिळी झाली, गिरण्या बंद पडल्या, तसतसं ते शहर जास्त जळू लागलं.

इथे एक सोपं सूत्र हाताशी येतं: यंत्रमाग, स्थलांतरित आणि दाटीच्या वस्त्या म्हणजे दंगल. ते सूत्र भिवंडीने खोटं पाडलं.

भिवंडीही यंत्रमागांचंच गाव. मोमीन विणकर, तेलुगू पद्मशाली, उत्तरेकडचे मजूर, मराठी आगरी-कोळी अशी सरमिसळ. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल भडकली आणि दुसऱ्या दिवशी ती जळगावला पोचली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने भिवंडी, जळगाव, महाड अशी तिन्ही ठिकाणं तपासली. माझ्या मते कारणांच्या शोधाचं इतकं कसून केलेलं काम महाराष्ट्रात फार थोडं झालं आहे. मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, आधीची महिनोन् महिने चाललेली चिथावणी, पोलिसांचं वागणं असा एकेक धागा त्यांनी साक्षींतून सोडवला. तरी १९८४ साली भिवंडी पुन्हा जळली. या इतिहासावरून १९९२ च्या डिसेंबरात ती तिसऱ्यांदा जळेल असं कोणीही म्हणालं असतं. मुंबईत त्या डिसेंबरात आणि पुढच्या जानेवारीत, श्रीकृष्ण आयोगाच्या मोजणीप्रमाणे, नऊशे माणसं मेली. तिथून तासाभराच्या अंतरावरची भिवंडी शांत राहिली.

मधल्या काळात भिवंडीत एक गोष्ट बदलली होती. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत राजकीय पुढारी नव्हते. रिक्षावाले, मागवाले, दुकानदार, बायका अशी गल्लीतली साधी माणसं दोन्ही समाजांतून घेतली. शांततेवर भाषणं करायला ती जमत नसत. नळ, गटार, नवरा-बायकोचं भांडण, पोरांची मारामारी हे बैठकीचे विषय असत आणि समोर चौकीतला पोलीस बसलेला असे. त्यामुळे संकट आलं तेव्हा माणसं एकमेकांना आधीच ओळखत होती आणि पोलीसही त्यांना ओळखत होते. डिसेंबर १९९२ येईपर्यंत खोपडे यांची बदली झालेली होती. कमिट्या टिकून होत्या. मुंबई जळाली आणि भिवंडी का नाही, हा प्रश्नच त्यांनी पुढे आपल्या पुस्तकाच्या नावात ठेवला. वार्ष्णेय यांनीही भिवंडीचा दाखला घेतला आहे, कारण सुरतेत जे दुवे शतकभराच्या व्यापाराने तयार झाले होते, ते भिवंडीत चार वर्षांत मुद्दाम तयार केले गेले.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. विल्किन्सन, म्हणजे ज्यांच्यासोबत ती नोंद तयार झाली तेच, वेगळं सांगतात: दंगल थांबवायची की नाही हे राज्य सरकार ठरवतं, आणि सरकारला अल्पसंख्याकांच्या मतांची गरज असेल तर पोलीस हलतात. दक्षिण गुजरातच्या मजुरांवर अनेक दशकं काम केलेले डच अभ्यासक यान ब्रेमन यांनी सुरतेतल्या हिंसाचारावर १९९३ मध्ये लिहिलं, तेव्हा त्याला दंगल न म्हणता एकतर्फी हल्ला म्हटलं, आणि कामगाराला माणूस म्हणून कसलाच आधार न उरलेल्या अर्थव्यवस्थेकडे बोट दाखवलं. पॉल ब्रास यांच्या मते दंगल आपोआप होत नाही. काही माणसं ती घडवण्याचं कसब बाळगून असतात आणि संधीची वाट पाहतात.

मला या मतांत भांडण दिसत नाही, पायऱ्या दिसतात. दंगल घडवणारे असतात. त्यांना शेजारातून प्रतिसाद मिळतो किंवा मिळत नाही. आणि वर सरकार असतं, जे हात आवरतं किंवा सैल सोडतं. शेजाराने किती थोपवता येतं आणि कुठून पुढे थोपवता येत नाही, हा खरा प्रश्न आहे. तो सुरतेत सुटत नाही. त्यासाठी रुआंडात जावं लागतं.

बुतारेचे दोन आठवडे

६ एप्रिल १९९४ च्या रात्री रुआंडाच्या राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि राजधानी किगालीत टुत्सींच्या आणि विरोधी पक्षांतल्या हुतूंच्या हत्या सुरू झाल्या. पुढच्या शंभर दिवसांत किमान पाच लाख, बऱ्याच अंदाजांनुसार आठ लाख माणसं मारली गेली. देशाच्या दक्षिणेला बुतारे प्रांत होता. तिथे विद्यापीठ होतं. हुतू आणि टुत्सी यांच्यातली लग्नं तिथे देशात सर्वांत जास्त. प्रांताचे प्रमुख ज्याँ-बाप्तिस्त हब्यालिमाना हे देशातले एकमेव टुत्सी प्रांतप्रमुख. देश पेटलेला असताना त्यांनी गावोगावी सभा घेतल्या, हल्लेखोरांना आवर घातला. जवळजवळ दोन आठवडे बुतारे बऱ्याच अंशी शांत राहिलं. शेजारच्या प्रांतांतून जीव वाचवून माणसं तिथे येत होती. सुरतेची जुनी पेठ आणि भिवंडीची कमिटी जे करते, तेच इथे होत होतं.

१७ एप्रिलला हब्यालिमाना यांना पदावरून काढण्यात आलं. १९ एप्रिलला हंगामी राष्ट्राध्यक्ष थिओदोर सिंदिकुब्वाबो स्वतः बुतारेला आले. ते त्याच प्रांताचे. त्यांनी भाषणात लोकांना सुनावलं की तुम्ही आपलं ‘काम’ करत नाही, बाजूला उभे आहात. राष्ट्राध्यक्षांचे रक्षक सैनिक आले. हत्याकांड सुरू झालं आणि देशातल्या सर्वांत भयंकर कत्तलींपैकी काही तिथे झाल्या. हब्यालिमानाही मारले गेले. बुतारेच्याच रहिवासी आणि महिला कल्याण खात्याच्या मंत्री पॉलिन न्यिरामासुहुको यांना २०११ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी दोषी ठरवलं.

ताबा नावाच्या दुसऱ्या एका तालुक्याचा प्रमुख ज्याँ-पॉल अकायेसू याची कथा त्याहून बोचरी आहे. वंशसंहाराच्या गुन्ह्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दोषी ठरवलेला तो पहिला माणूस. निकाल २ सप्टेंबर १९९८ चा. त्याच निकालात नोंद आहे की सुरुवातीच्या दिवसांत हा माणूस हिंसा रोखत होता. १८ एप्रिलला हंगामी सरकारच्या नेत्यांबरोबर बैठक झाली आणि त्यानंतर तो फिरला. त्याच्या तालुक्यात हुतू आणि टुत्सी यांचे संबंध १७ आणि १९ एप्रिलच्या मध्ये बदलले नव्हते. वरून आलेली सूचना बदलली होती.

अमेरिकी अभ्यासक स्कॉट स्ट्रॉस यांनी रुआंडाच्या तुरुंगांत २१० गुन्हेगारांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत साधे शेतकरी मोठ्या संख्येने होते. बऱ्याच जणांनी टुत्सी शेजाऱ्यांशी आधी चांगले संबंध असल्याचं सांगितलं. मग हात का उचलला? युद्धाची भीती, बंडखोर येऊन आपल्याला मारतील ही धास्ती, आणि त्याहून जास्त म्हणजे बरोबरच्या हुतूंचा दबाव: टोळीत आला नाहीस तर तू शत्रूचा. हॅम्बुर्गच्या राखीव पोलिसांच्या १०१ व्या तुकडीवर ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी १९९२ साली लिहिलं, तेव्हा १९६० च्या दशकात सरकारी वकिलांनी घेतलेल्या त्या पोलिसांच्या जबान्यांतून जवळपास हेच निघालं. १३ जुलै १९४२ ला पोलंडमधल्या युझेफुफ गावात सुमारे पंधराशे ज्यूंना मारण्याआधी त्यांच्या मेजरने जमणार नसेल त्याने बाजूला व्हावं अशी मुभा दिली होती. सुमारे पाचशे माणसांतून त्या क्षणी डझनभरच बाजूला झाले. नाही म्हणण्याची शिक्षा मृत्यू नव्हती, सोबत्यांच्या नजरेतून उतरणं ही होती.

या सगळ्यातून मला जे दिसतं ते असं. शेजारातले दुवे अफवेला आणि गुंडांच्या टोळीला अडवू शकतात. सुरत आणि भिवंडी ते सिद्ध करतात. सरकारच संहाराच्या बाजूने उभं राहिलं, तर ते दुवे दिवस मिळवून देतात, कधी आठवडेही, पण पुरे पडत नाहीत. बुतारे ते सिद्ध करतं. म्हणून ‘समाजात सलोखा वाढवा’ एवढाच उपाय सांगणारं संशोधन मला अपुरं वाटतं आणि ‘सगळं सरकारच करतं’ म्हणून शेजाराकडे पाठ फिरवणारंही. बुतारेला मिळालेल्या त्या दोन आठवड्यांत बाहेरचं जग काय करत होतं? संयुक्त राष्ट्रांनी २१ एप्रिलला आपली शांतिसेना वाढवली नाही, कापून दोनशे-तीनशेवर आणली.

आपल्याकडे सरकारच्या बाजूचा कायदाही कच्चा आहे. भारताने १९५९ साली वंशसंहारविरोधी करार कायम केला, पण तो देशांतर्गत कायद्यात कधी उतरवला नाही. १९८४ च्या दिल्लीतल्या शीखविरोधी हत्याकांडाच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी हे स्पष्ट लिहिलं की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही उणीव तातडीने भरून काढायला हवी. त्यानंतर नवी न्यायसंहिता आली. त्यातही हे गुन्हे आले नाहीत.

इच्छापोरला काय विचारायचं

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागतं. एका बाजूला जवाहिर उद्योगाची वसाहत, पुढे हजिऱ्याचे खत, वायू आणि पोलादाचे अवाढव्य प्रकल्प, आणि त्यांच्याकडे कंत्राटाने काम करणारी देशभरची माणसं. १९९२ साली उधना किंवा पांडेसरा शहराच्या ज्या कडेवर होते, ती कड आता अशा गावांपर्यंत सरकली आहे. इथे काही वाईट घडेल असं सुचवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. पण कारणांचा शोध घटना घडून गेल्यावरच घ्यायचा असतो, ही समजूत मला मान्य नाही.

इच्छापोरसारख्या ठिकाणी अभ्यासकाने विचारायचे प्रश्न साधे आहेत. भाड्याच्या खोल्या कोण कोणाला देतं आणि कोणाला नाकारतं? मुकादम मजूर निवडतो तो गावाप्रमाणे, जातीप्रमाणे की धर्माप्रमाणे? पाळी संपल्यावर नंदुरबारचा माणूस आणि आझमगढचा माणूस कुठे एकत्र बसतात: चहाच्या टपरीवर, भिशीत, क्रिकेटच्या संघात, की कुठेच नाही? पोलीस चौकीतल्या हवालदाराला गल्लीतली किती माणसं नावाने माहीत आहेत? अफवा आली तर ती खरी की खोटी हे विचारायला कोणाला फोन करता येतो? सुरतेतच सेंटर फॉर सोशल स्टडीज ही संस्था आहे, जिथे झोपडवस्त्यांवर आणि स्थलांतरावर अनेक वर्षं काम झालं आहे. हे प्रश्न तिथल्या अभ्यासकांना नवे नाहीत. मराठी विद्यापीठांतून मात्र कोणी तापीच्या वाटेने जाऊन आपल्याच माणसांना हे विचारलेलं फारसं दिसत नाही. अहिराणी येणाऱ्या विद्यार्थ्याला लिंबायतच्या गल्लीत जी दारं उघडतील, ती ब्रेमन किंवा वार्ष्णेय यांना उघडली नसती.

आणि एक काम तर उशीर न करता व्हायला हवं. दंगल झाली की तिची नोंद होते: वर्तमानपत्रात, पोलीस ठाण्यात, आयोगाच्या अहवालात. जी दंगल झाली नाही, तिची नोंद कुठेच नसते. डिसेंबर १९९२ मध्ये झांपा बाजारच्या कोपऱ्यावर रात्रभर कोण उभं होतं, भिवंडीत कोणत्या कमिटीने कोणती अफवा पहाटेपर्यंत खोटी ठरवली, उधन्याच्या कोणत्या चाळीत खानदेशी बाईने शेजारणीची मुलं आपल्या घरात ठेवून घेतली, हे कागदावर नाही. त्या वेळी जे चाळिशीत होते ते आज सत्तरीपार आहेत. गुजराती, उर्दू, उडिया आणि अहिराणीत त्यांचं सांगणं आत्ताच ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवं, नाव, गल्ली आणि तारखेसह.